संपादकांना वाचून दाखवलेली पुस्तकं

गेल्या वर्षभरात मी जी पुस्तकं वाचली, त्यांतल्या बहुतेकांचे शेवट मी बदलले. मनातल्या मनात नव्हे. मोठ्याने, खणखणीत आवाजात, ऐंशी ओलांडलेल्या एका माणसासमोर बसून, त्याच्याच घरचा चहा पीत बदलले. मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. वाचनाने माणूस मोठ्या मनाचा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबावं. मी पासष्ट वर्षांची आहे, अक्षरं जुळवता आली तेव्हापासून वाचते आहे, आणि माझं मन होतं तेवढंच आहे.

हा माणूस म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या हस्तलिखिताचा संपादक. ग्वाल्हेरातली मराठी घरं गणपतीत एकत्र यायची, आणि तेव्हा मंडळ दर वर्षी एक हस्तलिखित काढायचं. त्याची प्रत एकच. लोकांनी कथा-कविता द्यायच्या, संपादकांनी त्या निवडायच्या आणि स्वतःच्या अक्षरात जाड कागदावर उतरवून काढायच्या. मग ते बाड मंडपातल्या टेबलावर दहा दिवस असायचं, आणि आरतीला आलेली माणसं उभ्याउभ्या ते चाळायची. संपादक कॉलेजात मराठी शिकवत, म्हणून सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. त्यांचं अक्षर म्हणजे आमच्या मंडळाची मिरवायची गोष्ट होती. पाहुणा आला की आधी त्याला गणपती दाखवायचे आणि मग सरांचं अक्षर.

मी वीस वर्षांची असताना एक कथा लिहून सरांकडे दिली. आम्ही तेव्हा किला गेटपाशी राहायचो. कथेतली बाई सासरहून बहिणीच्या लग्नासाठी माहेरी येते. लग्न आटोपतं, नवरा न्यायला येतो, ती दारातच त्याला सांगते की मी येत नाही. दार लावते, आत येते. शेवटचं वाक्य होतं: ‘आणि ती जेवायला बसली.’ या वाक्यावर मी आठ दिवस घालवले होते. आधी ती रडायची, मग खिडकीतून बघायची, मग देवापुढे जायची. सगळं खोडून मी तिला जेवायला बसवलं तेव्हा मला घाम फुटला होता, इतकं ते मला खरं वाटलं.

गणपती बसले. मी नवी साडी नेसून मंडपात गेले, टेबलापाशी गर्दी हटायची वाट पाहिली आणि माझं पान उघडलं. वर माझं नाव, लाल शाईत, वेलबुट्टीसकट. खाली माझी कथा. शेवटी मात्र माझी बाई जेवायला बसली नव्हती. नवऱ्याच्या पाठोपाठ ती टांग्यात बसली, सासरी गेली, सासूच्या पायांवर डोकं ठेवून ‘माझं चुकलं’ म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन तिने तुळशीपाशी दिवा लावला. अक्षर अप्रतिम होतं.

मी सरांना शोधत होते, तेवढ्यात एक जाडजूड बाई माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, “तूच का ती? काय गं सुरेख लिहिलंस! असे संस्कार हल्ली बघायला मिळत नाहीत.” त्यांचा मुलगा लग्नाचा होता. दिवाळीनंतर त्या माधवगंजाहून आमच्याकडे मागणी घेऊन आल्या. माझ्या वडिलांनी त्यांना पोहे देताना त्या कथेचं इतकं कौतुक केलं, की हा शेवट माझा नाही हे सांगायची सोयच उरली नाही. रात्री आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “शेवट कुणाचा का असेना, स्थळ चांगलं आहे.” न लिहिलेल्या शेवटावर माझं लग्न झालं.

नवरा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मला काही करता आलं असतं. सासूबाईंचं मात्र तसं नव्हतं. त्यांना ती कथा तोंडपाठ होती. मी बी.एड.ला जायचं म्हटलं, नाही म्हणाल्या. मी बॅग भरून माहेरी गेले. चौथ्या दिवशी त्या स्वतः आल्या आणि हसत म्हणाल्या, “अगं, तुझ्या गोष्टीतली सून तर लगेच परत येते.” वडीलही हसले. मी परत गेले. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांना यावंही लागलं नाही. नुसता निरोप पाठवला, ‘तुळशीपाशी दिवा तुझ्यासाठी थांबलाय.’ तेव्हापासून मी लिहिलेलं एकमेव लांबलचक काही म्हणजे वाण्याची यादी. वाचन मात्र सुटलं नाही. ते कुणी सोडवू शकलं नाही.

आता सासूबाई नाहीत, नवराही नाही. मागच्या वर्षी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. सरांची नजर गेली आहे, म्हणजे कडेचं अंधुक दिसतं पण मधलं काहीच दिसत नाही, पान समोर धरलं तर नुसता डाग. घरी मराठी वाचून दाखवणारं कुणी नाही. “ताई, तुम्ही इतकं वाचता. आठवड्यातून एक दिवस जाल का? बडा पुण्य का काम है.” मी क्षणभरही विचार केला नाही. पुण्याचा तर नाहीच नाही.

सर हरिशंकरपुरमला मुलाकडे राहतात. मुलगा दिवसभर कामावर, सून भिंडकडची, हिंदी बोलणारी. तिला मराठी वाचून दाखवता येत नाही असं नव्हे. लिपी एकच, अक्षरं सगळी तिला येतात. पण ती मराठी कादंबरी अशी वाचायची, जशी आपण अर्थ न कळता एखादं स्तोत्र म्हणतो. ‘ळ’चा ‘ल’ करायची, वाक्य कुठेही तोडायची, आणि खून झाला तरी आवाज तोच. सरांचा चेहरा कडू व्हायचा. पहिल्या बुधवारी मी एक पान वाचलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “वहिनी, फार दिवसांनी कानाला बरं वाटलं.” माझे यजमान त्यांना धाकट्या भावासारखे होते म्हणून मी वहिनी. माझं माहेरचं नाव, जे त्यांनी लाल शाईत काढलं होतं, ते त्यांना आठवतही नव्हतं.

पहिली कादंबरी एका म्हाताऱ्या डॉक्टरची होती. ज्याने त्याच्यावर खोटा आळ घेऊन त्याची नोकरी घालवली, त्या माणसाचा माग काढत तो गावोगाव फिरतो. साडेतीनशे पानं काय सुंदर चीड होती! मी रोज रात्रीच्या जेवणाआधी थोडी थोडी पुरवून वाचत होते. आणि शेवटी तो माणूस सापडतो, तर डॉक्टर त्याचा हात हातात घेऊन बसतो. क्षमा! मी पुस्तक भिंतीवर भिरकावलं. हल्लीच्या कादंबऱ्यांना हा क्षमेचा आजारच जडलाय. तीनशे पानं वाचकाला तापवायचं आणि शेवटच्या वीस पानांत ओला टॉवेल डोक्यावर ठेवायचा.

त्या बुधवारी मी शेवटच्या प्रकरणाशी आले. सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. माझी नजर ओळींवर होती आणि तोंडातून भलतंच निघू लागलं. माझा डॉक्टर खोलीत शिरला, उभाच राहिला, त्या माणसाला पाणी हवं होतं तरी त्याने दिलं नाही, आणि आपण कोण ते सांगून निघून गेला. सर खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, “कठोर आहे. पण लेखकाने धीर केला.” मी चहा संपवला. परत येताना ई-रिक्षात मला एकटीलाच हसू फुटत होतं. समोरच्या बाईने पिशवी आवरून घेतली.

मग मला चटक लागली. पुढे एक रहस्यकथा आली. तिच्यात मी खुनी बदलला. बिचारा माळी सुटला आणि सज्जन वकील अडकला. एका कादंबरीत गावी परतलेली मुलगी मी स्टेशनवरूनच माघारी पाठवली. एका प्रेमकथेतलं लग्न मोडलं. यासाठी घरी तयारी करावी लागायची, कारण ऐनवेळी सुचलेलं फसतं. मी शेवटची दहा-बारा पानं कागदावर नव्याने लिहायची आणि पुस्तकात घालून न्यायची. येताना पुस्तक सरांकडेच ठेवायची, कागद तेवढे परत आणायची. एकदा टेबलापाशी लिहिता लिहिता हात थबकला. पंचेचाळीस वर्षांनी मी लिहीत होते, आणि तेही याच माणसासाठी. मला स्वतःचाच संताप आला. तो कागद फाडला, आणि तासाभराने दुसरा घेतला.

याच सुमारास पुण्याला चित्रकला शिकणारी माझी भाची आली आणि तिने एक ग्राफिक नॉव्हेल हातात दिली. मी नाक मुरडलं. चित्रांची पुस्तकं आजारी मुलांना देतात अशी माझी समजूत. भाची म्हणाली, “मावशी, तू पढके तो देख. म्हणजे, वाचायला त्यात काही नाहीच, पण बघ तरी.” खरोखरच एक शब्द नव्हता. डोंगरातलं एक गाव, शिपाई येतात, एका शिंपिणीच्या भावाला घेऊन जातात. मग तेच शिपाई तिच्याकडे गणवेश शिवायला टाकतात. ती शिवते. प्रत्येक कॉलरमध्ये एक सुई ठेवते. पानामागून पान नुसते हात, कापड, सुई. एका चौकटीत साहेब कॉलरचं बटण लावतोय, पुढच्या चौकटीत छपरावरून कबुतरं उडताहेत. मधे बोटभर पांढरी पट्टी. काय झालं ते कुणी काढलेलंच नाही. त्या पट्टीत ते मी केलं. इतकी वर्षं शब्दांवर जीव टाकला, पण मला असं हाताला धरून गुन्ह्यात कुणी ओढलं नव्हतं. मी ते पुस्तक एका दिवसात तीनदा बघितलं.

ते सरांकडे नेलं. ते म्हणाले, “वहिनी, चित्रं? माझी चेष्टा करता का?” मी म्हटलं, “सर, ऐका तर.” आणि एकेक चौकट सांगायला लागले. दहाव्या पानावर ते खुर्चीचा हात धरून विचारत होते, “मग? पुढच्या चौकटीत काय?” मी मुद्दाम घोट घोट चहा प्यायचे. हा तोच माणूस होता, ज्याने मला न विचारता माझी बाई टांग्यात बसवली. आता त्याला चौकटीतलं छप्पर कौलारू आहे की पत्र्याचं, हेही माझ्या तोंडूनच कळणार होतं. पुस्तकातलं शेवटचं चित्र खिडकीपाशी रिकाम्या खुर्चीचं आहे; शिंपीण पकडली गेली की पळाली, समजत नाही. मी तिला सरळ समुद्रापर्यंत पोहोचवलं आणि तिथे तिला पोटभर जेवू घातलं.

तरी समाधान होईना. ज्याला कळतच नाही, त्याच्यावर सूड उगवून काय उपयोग? शिंपिणीची सुई निदान टोचली तरी असेल. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की मी तुझा शेवट बदलला, आणि तो माझा अधिकार नव्हता. मला माझा शेवट परत हवा होता. बाकी सगळी पुस्तकं त्याच्या आधीची टाळाटाळ होती. मी मंडळाच्या कपाटातून त्या वर्षीचं हस्तलिखित मागून आणलं. माझी मूळ पानं मी लग्नाच्या पेटीत, साडीच्या घडीत ठेवलेली होती, ती काढली. दोन्ही पिशवीत घालून पाच बुधवार हरिशंकरपुरमला नेली आणि पाच बुधवार तशीच परत आणली. भीती वाटत होती, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तो माणूस ‘बरं केलं’ म्हणाला असता तर मी काय करणार होते?

सहाव्या बुधवारी आम्ही एका जाड कादंबरीत होतो, दोन बहिणींची, पन्नास वर्षांच्या अबोल्याची. शेवटची नव्वद पानं राहिली होती. मी पुस्तक मिटलं तेव्हा सर म्हणाले, “वहिनी, एक विचारू? या पुस्तकाचा शेवट तरी आहे तसा वाचाल ना?”

मी कप बशीत ठेवला.

“तुम्ही संपलेलं पुस्तक ठेवून गेलात की मी सूनबाईला शेवटची पानं परत वाचायला सांगतो,” ते म्हणाले. “डॉक्टरच्या पुस्तकापासून. आवडलेला भाग मी दोनदा ऐकतो, ती माझी जुनी सवय. ती तिच्या पद्धतीने वाचते, पण जे छापलंय तेच वाचते. डॉक्टर हात हातात घेतो, माळी फासावर जातो. तुमच्या त्या चित्रांच्या पुस्तकाचं मात्र तिला काही सांगता आलं नाही. तिथे मी तुमचाच समुद्र धरून चाललोय.”

वर्षभर मी सुनेला मराठी कळत नाही म्हणून निर्धास्त होते. ती वाचते हे ठाऊक असूनही, मी गेल्यावर तीच पानं ती त्यांना परत वाचून दाखवेल हे मला, जन्मभर ग्वाल्हेरात काढलेल्या बाईला, सुचलं नव्हतं.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“तुमचे शेवट वाईट नव्हते. एकदोन तर बरे होते.” मग त्यांचा आवाज वर्गातला झाला. “पण वहिनी, लेखकाच्या शेवटाला हात लावू नये. आपल्याला आवडो न आवडो. तो अधिकार वाचकाचा नाही.”

“आणि संपादकाचा?”

“त्याचाही नाही,” ते म्हणाले.

मी पिशवीतून हस्तलिखित काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि लगेच ओळखलं. चेहरा असा उजळला की मला क्षणभर उठून जावंसं वाटलं. गेले नाही. त्यांच्या अक्षरातली माझी कथा मी त्यांना तुळशीतल्या दिव्यापर्यंत वाचून दाखवली, एक शब्द न बदलता. मग सुनेला हाक मारली आणि माझी मूळ पानं तिच्या हातात दिली. म्हटलं, “बेटा, ये आख़िरी पन्ना पढ़ दो. जो लिखा है वही.”

ती वाचू लागली, तिच्या त्या सपाट आवाजात. नवरा दारात आला. बाई म्हणाली मी येत नाही. तिने दार लावलं. “आनि ती… जेवायला… बसली.” सून थांबली, पान उलटून पाहिलं. “खाना खाने बैठ गई? बस?”

“बस,” मी म्हटलं.

तिने पान माझ्या हातात दिलं. “अच्छा किया,” म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

सर म्हणाले, “हे कुणाचं?”

मी माझं माहेरचं नाव सांगितलं. मग सगळंच सांगितलं. मंडप, हनुवटीला लागलेला हात, पोहे, तीन वेळा भरलेली बॅग, तुळशीचा निरोप. मी ओरडले नाही. ओरडायचं ठरवलं होतं, पण आवाज आपोआप खाली गेला. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मला ही कथा आठवत नाही, वहिनी. केलं असेल मी. मंडपात बायका-मुलं वाचायची, तसा शेवट ठेवता येत नसे. बऱ्याच जणींचे बदलावे लागत. मुलीच लिहायच्या तसलं.”

बऱ्याच जणींचे! त्यांनी ते ज्या सहजतेने म्हटलं, त्याने माझी उरलीसुरली दया संपली. मी पर्समधून लाल पेन काढलं. तेही मी सहा बुधवार बाळगत होते. हस्तलिखितातलं माझ्या कथेचं शेवटचं पान उघडलं, त्यांच्या बोटांत पेन दिलं आणि हात धरून समासाशी नेला. “लिहा, सर. या कथेचा शेवट संपादकाने बदलला आहे. आणि सही.”

“मला दिसत नाही.”

“मला दिसतंय. लिहा.”

त्यांनी लिहिलं. ओळ समासातून निघाली, वर चढली, आणि टांगा, सासूचे पाय, तुळस, दिवा या सगळ्यावरून वाकडीतिकडी फिरत गेली. ज्या पानावर पाहुण्यांना अक्षर दाखवायचे, त्या पानाचा चिखल झाला. ना खालचं वाचता येत होतं, ना वरचं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “सरळ आली का ओळ?”

“अगदी सरळ, सर,” मी म्हटलं.

हस्तलिखित मंडळाच्या कपाटात परत गेलं, माझं मूळ पान त्यात चिकटवून. त्यानंतर चार बुधवार गेले. दर मंगळवारी सुनेचा फोन येतो, “आंटीजी, पापाजी पूछ रहे हैं, कल आएँगी? वो दो बहनों वाली किताब…” मी म्हणते, देखती हूँ बेटा. पुस्तक माझं आहे आणि माझ्याच घरी आहे. दोन बहिणींचं पुढे काय होतं ते मी पहिल्याच आठवड्यात वाचून संपवलं. शेवट इतका सुरेख आहे, की मी त्यातला एक शब्दही बदलला नसता. बुधवारी चार वाजता, सरांकडे जायच्या वेळी, मी तो परत एकदा वाचते, माझी मलाच, मोठ्याने. मग पुस्तक मिटते आणि जेवायला बसते.